पळीतलं कुंकू

"नारळ न्हाई, पाणी न्हाई. मग भट्टीची पूजा कशानं करायची, ताई? नुसतं हात जोडून?"

केरबा नाना माझ्या टेबलासमोर उभे होते. टोपी काढून हातात धरली होती, म्हणजे राग आला होता. एरवी माणसं रागावली की टोपी चढवून चालू लागतात. नाना टोपी काढून उभे राहत. समोरचा ऐकेपर्यंत हलत नसत.

"हात जोडायला माझी ना नाही, नाना. पण त्या भट्टीपासून दहा हातांत पाण्याचा एक थेंबसुद्धा नको."

"तीस वर्सं फोडतोय मी नारळ. भट्टीच्या तोंडावर. सगळं पाणी आत. चुर्र झालं की झालं, देवाला पावलं. काय झालं सांगा बघू आजपातूर?"

"ती बिडाची भट्टी होती. ही मॅग्नेशियमची आहे."

"नाव बदललं. भट्टी भट्टीच की."

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी केमिस्ट म्हणून लागून चार महिने झाले होते. वय तेवीस. बी.एस्सी.ला पहिला वर्ग, आणि त्या पहिल्या वर्गाचा तोरा अजून उतरलेला नव्हता. शेडातल्या साठ माणसांत बाई मी एकटी. मिस्त्री मंडळी मला समोर 'ताई' म्हणत आणि मागे 'बाटलीवाली' म्हणत, हे मला ठाऊक होतं.

केरबा नाना तिथले मोठे मिस्त्री. फाउंड्रीतला बिडाचा पहिला रस त्यांनीच ओतला होता. पुढे ॲल्युमिनियम आलं, त्याचाही पहिला रस त्यांच्याच हातचा. आता पुण्याच्या एका कंपनीला मॅग्नेशियमची हलकी झाकणं हवी होती. नमुने पसंत पडले तर फाउंड्रीचं सोनं होणार होतं. आमच्या मालकांचा, माणगाव्यांचा स्वभाव म्हणजे पी हळद नि हो गोरी. त्यांनी पुण्याच्या पाहुण्यांना दसऱ्याचंच बोलावून टाकलं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, सकाळी नऊ वीसला पहिला रस. नानांची नोकरी फाल्गुनात संपणार होती. तिसऱ्या धातूचा पहिला रसही आपल्याच हातानं पडावा आणि मग टोपी घालून घरी जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी मला दोनदा बोलून दाखवली होती.

"चला माझ्याबरोबर," मी म्हणाले.

माझी प्रयोगशाळा म्हणजे शेडाच्या कडेची पत्र्याची खोली. नानांच्या पाठोपाठ आणखी चारपाच जण आले, दारात उभे राहिले. मी स्टोव्हवर काचेच्या चंबूत पाणी उकळत ठेवलं. त्यात आधी तांब्याची तार सोडली. काही नाही.

"तांब्याला पाण्याचं काही वाटत नाही," मी म्हणाले. "गार असो, उकळतं असो, वाफ असो."

"म्हनून तर देवाचं पाणी तांब्यात," नाना म्हणाले. दारातली माणसं हसली. मला मात्र ते वाक्य आवडलं.

मग लोखंडी खिळा सोडला. तोही ढिम्म. "लोखंड लालभडक तापलं आणि वर वाफ सोडली, तरच पाण्याशी भांडतं. एरवी नाही." खिळा बाहेर काढून मी खिडकीतल्या पेल्यात थोड्या पाण्यात टाकून दिला.

मग मॅग्नेशियमचा कीस. उकळत्या पाण्यात पडताच त्याच्या अंगावर बुडबुडे चढू लागले. "हे गार पाण्यातही स्वस्थ बसत नाही, पण हळू. ऊन पाण्यात बघा. आता वाफेत बघा." मी मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून पेटवली आणि चंबूच्या तोंडातून येणाऱ्या वाफेत धरली.

ती विझायला हवी होती. निदान त्यांना तसं वाटलं होतं. ती भडकली. खोली पांढरी झाली, सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. कोणीतरी आईचं नाव घेतलं.

मग नाना हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे हे पाण्यातनंच आपला जाळ काढतंय."

मी पुस्तकातलं पानभर बोलणार होते. पाण्यातला प्राणवायू धातू ओढून घेतो, हायड्रोजन सुटतो, तो पेटतो. ते सगळं त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

"तेच, नाना. आणि हे बोटभर होतं. तिथं कुंडीत दीड मण असणार आहे, वितळलेलं."

नानांनी टोपी डोक्यावर ठेवली. "नारळ न्हाई फोडत," म्हणाले. "तुमी म्हनता म्हनून."

त्या दिवसापासून नाना माझ्याहून कडक झाले. आगीसाठी टांगलेल्या पाण्याच्या बादल्या त्यांनी स्वतः उतरवल्या. मी सांगितल्याप्रमाणे बिडाच्या कोरड्या किसाचे दोन डबे भरून भट्टीशेजारी ठेवले. मॅग्नेशियम पेटलं तर त्यानं दडपायचं. शेडातल्या नळाला तार गुंडाळली. कुणी चहाचा पेला घेऊन आला की, "भायेर! ताईचं पाणी बंद हाय!" मी नळ बंद करायला सांगितला होता, त्यांनी माणसांची तहानच बंद केली. मला हसू यायचं, आणि बरंही वाटायचं. साठ माणसांत माझा शब्द खाली पडू न देणारा एक माणूस मला मिळाला होता.

दोन दिवसांनी त्यांनी खिडकीतला पेला माझ्यापुढे धरला. "ताई, ह्यो तुमचा खिळा. भांडत न्हाई म्हनलासा."

पाणी तांबूस झालं होतं. खिळ्यावर गंजाची साय धरली होती.

"भांडत नाही, पण सावकाश खातं," मी म्हणाले. "हवेच्या संगतीनं. गंज म्हणजे लोखंडानं पाणी अंगात मुरवून ठेवलेलं असतं."

"लबाड हाय मग," नाना म्हणाले आणि खिळा खिशात टाकून गेले.

खंडेनवमीला दुपारी काम बंद झालं. आमच्याकडे यंत्रांची, हत्यारांची पूजा त्या दिवशी. भट्टीपासून लांब, शेडाच्या दुसऱ्या टोकाला नानांनी पाट मांडला. हातोडे, चिमटे, पाने, मापं सगळं घासूनपुसून मांडलेलं. मधोमध दोन नव्या लांब दांड्याच्या लोखंडी पळ्या, वाटीसारख्या तोंडाच्या. उद्याचा रस त्यांनीच ओतायचा होता. झेंडू, हळद, कुंकू, आणि एक तांब्या होता, तोही रिकामा. नानांनी मला बोट करून दाखवला. "बघा. कोरडा."

"हळदकुंकवाचं काही नाही ना?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, नाना. कोरडं आहे."

ती हत्यारं कुठं धुतली, कशी धुतली, हे मी विचारलं नाही. मागच्या हौदावर सकाळपासून चार माणसं राख नि विटकर घेऊन पळ्या घासत होती, हे मी येताजाता पाहिलंही होतं. माझं सगळं लक्ष नारळावर. नारळ मी जिंकला होता.

दसऱ्याच्या दिवशी पहाटेच भट्टी पेटली. आठ वाजेपर्यंत कुंडीत रस तयार होता, रसानं हवेत पेट घेऊ नये म्हणून वर गंधकाची पूड भुरभुरत एक माणूस उभा होता. आदल्या रात्री भुरभुर पाऊस होऊन गेला होता आणि हवेत ओल होती. पत्र्याच्या छपराखाली ती ओल साचून राहिली होती, सगळ्यांच्या अंगाला चिकटत होती. मी साचे हात लावून पाहिले. ते नीट तापवलेले होते. कुंडीच्या आजूबाजूची जमीन पाहिली. खडखडीत.

नऊ दहाला पुण्याचे पाहुणे आले. मालकांनी त्यांना शेला, श्रीफळ दिलं. श्रीफळ म्हणजे नारळच. मी एका पाहुण्याच्या हातातून ते जवळजवळ हिसकावून ऑफिसात नेऊन ठेवलं. मालक माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की आत्ता पाहुणे नसते तर बोलले असते. परत आले तेव्हा नऊ अठरा झाले होते.

"नाना, वेळ झाली," मालकांनी हाक दिली.

नाना पाटाशी गेले, वाकून नमस्कार केला आणि मधली एक पळी उचलली. झेंडूचं फूल गळून पडलं. ते सरळ भट्टीकडे चालू लागले.

"नाना, पळी आधी भट्टीच्या काठावर तापवून..." मी म्हणाले. ओल उरू नये म्हणून ॲल्युमिनियमला सगळ्या पळ्या तशाच तापवत, रोज.

नाना थांबले. "ताई, पूजेतनं उचललेलं हत्यार पयल्यांदा कामालाच लागतं. वाटंत ठेवलं की शिळं हुतं. आजच्या दिसापुरतं. दुसऱ्या पळीपासनं तापवू."

"अहो, मॅडम, मुहूर्त टळतोय!" मालक घड्याळ पुढे करून म्हणाले. पाहुणे हसले. सगळा शेड माझ्याकडे बघत होता. नानांच्या हातचा नारळ मी आधीच काढून घेतला होता. आता यांचा पहिला रसही शिळा करू? मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला लाजही वाटली. पाहुण्यांसमोर दुसऱ्यांदा अडवणारी बाई व्हायचं नव्हतं मला.

नानांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवला. पळीचं तोंड माझ्यापुढे धरलं, आत वाकून पाहिलं, मग मला दाखवलं.

"बघा. चालंल न्हवं?"

काठाला कुंकू होतं. आतही लालसर होतं. मी बोट फिरवलं, कोरडं लागलं.

"चालेल, नाना," मी म्हणाले.

ते वळले. चष्मा कपाळावरच राहिला. नऊ वीसला त्यांनी पळी रसात बुडवली.

आवाज मला आठवत नाही. माणसं म्हणतात, वसाहतीच्या वेशीपर्यंत ऐकू गेला. मला फक्त प्रकाश आठवतो, माझ्या प्रयोगशाळेतल्या त्या फितीचा, पण सगळ्या शेडभर. कुंडीतला रस उसळून बाहेर आला आणि जिथं जिथं पडला तिथं तिथं पांढरा जळू लागला. मी मागे फेकली गेले होते. डोकं वर केलं तर नाना उभे होते. त्यांचे कपडे पेटले होते.

म्हादू, नानांचा थोरला मुलगा, तोही शेडातच कामाला होता. तो धावत जाऊन नळाची तार तोडून रबरी नळी ओढत आला. डोळ्यांसमोर बाप जळत होता. त्या जागी कोणीही तेच केलं असतं. मला ओरडायचं होतं.

ओरडले ते नाना.

"पाणी नगं! म्हादू, पाणी मारू नगंस! भट्टी हाय!"

आणि दोन्ही हात पुढे करून, काही दिसत नसताना, जळत जळत ते भट्टीपासून लांब चालू लागले. दहा हात. बारा हात. भिंतीला धडकले तेव्हा कुठं म्हणाले, "आता वता." मग मुलानं पाणी सोडलं. मागे माणसं बिडाच्या किसाचे डबे कुंडीवर ओतत होती. त्या दिवशी शेडातलं कोणी दगावलं नाही, नानांशिवाय कोणी जळलंही नाही, हे नानांच्या त्या बारा हातांमुळे.

त्यांचे दोन्ही डोळे गेले.

संध्याकाळी रिकाम्या शेडात मी पाटाशी गेले. सगळी हत्यारं तशीच होती. दुसरी पळी तशीच होती. मी ओढणीच्या टोकानं तिचा काठ पुसला. कुंकू निघालं, कापड लाल झालं. मग आत पुसलं. कापडाला काही लागलं नाही. पुन्हा पुसलं, जोर लावून. लाल होतं ते तसंच राहिलं.

ते कुंकू नव्हतं. विटकरीनं घासून घासून नवं लोखंड उघडं केलेलं, हौदाच्या पाण्यानं धुतलेलं, ओलसर रात्रभर पाटावर पडलेलं. त्यानं पाणी अंगात मुरवून ठेवलं होतं. हे मीच सांगितलं होतं, पेल्यातला खिळा हातात धरून.

चौकशीला फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब आले, ते इस्पितळातच. नानांच्या तोंडाला पट्ट्या होत्या, फक्त ओठ उघडे. मी पायथ्याशी उभी होते. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही या लोकांना सूचना दिली होती?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी नाना बोलले.

"ताईनी सगळं सांगितलं हुतं. माझ्याच हातनं चुकलं. मी ऐकलं न्हाई."

साहेबांनी लिहून घेतलं. मी गप्प राहिले. उघडलेलं तोंड मिटायला कितीसा वेळ लागतो? अहवालात आलं, 'पूजेच्या विधीमुळे धातूशी पाण्याचा संपर्क'. वसाहतीत त्याचं झालं, केरबानं नारळ फोडला. ताई ओरडून सांगत होत्या तरी म्हाताऱ्यानं भट्टीत नारळ फोडला आणि स्वतःचे डोळे फोडून घेतले. अडाण्याच्या देवधर्मापायी फाउंड्री बसली. चहाच्या टपरीवर, एसटीत, दुसऱ्या फाउंड्रीत, जिथं तिथं मी हे ऐकलं. कारखान्यांना सुरक्षा शिकवणारी झाले तेव्हा माझ्याच एका वर्गात एका मुलानं ते उदाहरण म्हणून सांगितलं. मी मान हलवली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी बारा वर्षं दुसऱ्यांची ताकं फुंकत हिंडले.

बाराव्या वर्षी खंडेनवमीला मी नानांच्या गावी गेले. दारात म्हादू खुरपी, विळे, कुदळ धुऊन पुसत बसला होता. मला ओळखून उठला. "या, ताई. नाना आत हायती." आवाजात आदर होता, आणि तोच मला सहन होत नव्हता. आपल्या बापाला वेळेवर सावध करणारी बाई, अशी मी त्याच्या लेखी होते.

आत नाना पाटासमोर बसले होते. एकेक हत्यार उचलून नाकाशी नेत होते, बोट फिरवत होते, खाली ठेवत होते.

"कोण? ताई व्हय?" पावलांवरून त्यांनी ओळखलं. "बसा. वास घेऊन बघतोय. गंजाचा वास निराळा येतो. तवा डोळं हुतं, नाकाची किंमत नव्हती."

मी बसले. ठरवून आलेलं सगळं बोलणं कुठं गेलं कोण जाणे.

"नाना, त्या पळीत आत कुंकू नव्हतं," मी म्हणाले. "गंज होता. तुम्ही मला दाखवली होती. मी कुंकू समजले. चालेल म्हणाले."

नानांच्या हातातला विळा तसाच राहिला.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"पळ्यांना कुंकू मीच लावलं हुतं की. काठाला लावलं हुतं. आत बोट घातलंच नव्हतं मी." त्यांनी विळा पाटावर ठेवला, चाचपून सरळ केला. "आत लाल बघितलं नि खिळा आठवला. पन ती येळ तसली, मालक घाई करत्यात, पावनं उभं. म्हनलं, आपल्याला काय कळतंय. शिकलेल्या मानसाला इचारावं. म्हनून तर चष्मा वर केला. म्हनून तर तुमास्नी इचारलं."

मला रडू आलं. नानांना ते ऐकू आलं असणार. ते थांबले, मी नाक ओढेपर्यंत थांबले.

"इस्पितळात का नाही सांगितलं, नाना?"

"तुमची नोकरी नवी. माझी संपल्यालीच." मग जरा वेळानं म्हणाले, "डोळ्यांचं काय न्हाई, ताई. म्हातारपणी तशीबी जातात. पन गाव म्हनतं, केरबानं नारळ फोडला. पोरगंबी म्हनतं. मागं एकदा रागाच्या भरात म्हनला मला, नारळ फोडायची हौस भागली न्हवं? तुमी म्हनला म्हनून मी तीस वर्सांचा नारळ सोडला. त्यो तेवढा माझ्या अंगावर ऱ्हायला." त्यांनी दाराकडे तोंड वळवलं. "भायेर हाय त्यो. त्याला तेवढं सांगा, नारळ फोडला न्हवता मी."

मी उठले. उंबरा ओलांडला. बाहेर म्हादू कुदळीचं पातं धोतराच्या फडक्यानं पुसत होता. उन्हात तीनचार खुरपी वाळत होती. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"म्हादूदादा," मी म्हणाले, "नानांनी नारळ फोडला नव्हता."

त्याचा हात थांबला. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मग?" त्यानं विचारलं.